ढेरीचं माप

जुन्या जालन्यातल्या त्या मिस्त्रीला समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत कधी धीर निघाला नाही. मी "मिस्त्री, ही लॉरी जरा..." म्हणालो की त्याचं आलंच, "बिलकुल शेठ, उचलून देतो!" आणि ढेरी गदागदा हलायची.

जांब गावच्या वाटेला निजामाची सडक नव्हती, नुसत्या बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. मधल्या उंचवट्यावर माझ्या जुन्या लॉरीचं पोट घासायचं. मिस्त्रीनं चाकांवरच्या लोखंडी कमानींत जादा पट्टे घातले, तशी ती उंटासारखी उभी राहिली. आता उरली परीक्षा. ती तो गाडीखाली उताणा निजून, त्या उंचवट्याएवढ्या आपल्या ढेरीनंच घ्यायचा. तेही पोटभर जेवून. "रिकाम्या पोटानं माप घेणं बेइमानी हाय," म्हणायचा.

त्या दुपारी पिठलं-भाकरी हाणून तो अंगणात लॉरीपुढं, दोन्ही चाकांच्या मधोमध पसरला. "चालवा शेठ!"

दारातून त्याची बायको ओरडली, "जपून बरं का! आज लई खाल्लंय त्येंनी!"

मी रामाचं नाव घेतलं आणि लॉरी सोडली. ती डुलत डुलत पुढं गेली. मागं बघायची हिंमत होईना. तेवढ्यात हसण्याचा गडगडाट आला. मिस्त्री धुळीत बसला होता आणि सदऱ्याचं मधलं बटण गायब होतं.

"आजून एक पट्टा लागतोय, शेठ."

हसू आवरेना. मी लॉरीतून खाली उतरलो. "आणि मग पुन्हा..."

"बिलकुल!" म्हणत तो दाराकडं वळला. "अगं, पिठलं उरलंय का न्हाई?"