मंडपाआधीचं डांबर

लालबागच्या आमच्या चाळीच्या गेटपासून आतल्या खोल्यांपर्यंतचा रस्ता महानगरपालिकेचा नाही. तो आमचा, म्हणजे कुणाचाच नाही. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, ते व्हीलचेअरवर आले आणि त्या रस्त्यातला एकेक खड्डा मला पाठ झाला. तळमजल्यावर राहूनही त्यांना बाहेर काढता येईना. जरा पुढे गेलं की चाक रुतायचं आणि ते दात आवळून बसायचे. गिरणी बंद पडली तरी रोज संध्याकाळी नाक्यावर जाऊन बसणारा माणूस खिडकीत अडकला. मला ते बघवत नव्हतं.

म्हणून सोसायटीच्या सभेत मी डांबरीकरणाचा विषय काढला आणि डोक्याला ताप करून घेतला. गाडीवाले म्हणाले, सगळ्यांनी सारखे पैसे भरा. बिनगाडीवाले म्हणाले, आम्ही काय डांबरावर पापड वाळवणार? कंत्राटदार तर आमच्याहून वरचढ. आधी नुसत्या डांबराचा भाव सांगितला. मग जुनं उखडायचे वेगळे, खडीचे वेगळे, पाणी गटाराकडे जावं म्हणून उतार काढायचे वेगळे. मोठा रोलर गेटमधून आत शिरेना, तर छोट्या रोलरचं भाडंही आमच्याच माथी. शेवटी जे कमी पडले ते मी भरले. बायकोने स्वयंपाकघरातल्या नव्या ओट्यासाठी ठेवलेले होते ते. तिने पाकीट माझ्या हातात ठेवलं आणि जुन्याच ओट्यावर भाकऱ्या थापायला लागली. भांडली असती तर बरं झालं असतं.

मे महिन्यात रस्ता झाला. काळाभोर, गुळगुळीत. त्याच आठवड्यात वडिलांना गेटपर्यंत नेलं. त्यांनी समोर नाक्यावरचा पूल पाहिला, मोबाइलचं दुकान पाहिलं आणि म्हणाले, "चल घराक." दमले असतील, असं मला वाटलं. पुढे रोज विचारायचो, रोज नको म्हणायचे.

श्रावणातल्या एका रविवारी पहारीच्या आवाजाने जाग आली. मंडळाची मुलं गणपतीच्या मंडपाच्या बांबूंसाठी खड्डे खणत होती. दरवर्षीच खणतात. पण सभेत रस्त्यासाठी हात वर करताना हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही. मी बनियनवरच धावलो.

"अरे, ड्रममध्ये वाळू भरून बांबू उभे करा ना!"

"काका, टेन्शन नका घेऊ. विसर्जन झालं की सिमेंट मारून देतो."

मी आणखी ओरडणार तोच खिडकीतून वडिलांचा आवाज आला. झटक्यानंतर इतका मोठा आवाज मी ऐकलाच नव्हता.

"ड्रम वाऱ्यात टिकाचो नाय! आणि तो मधलो बांबू हय घे रे, नायतर मूर्ती खयसून जातली?"

मुलांनी माना डोलावल्या आणि नेमकी आमच्या दारासमोर, नव्याकोऱ्या डांबरात पहार घातली.

माझं पित्त खवळलं. "बाबा, तुम्हाला गेटपर्यंत जाता यावं म्हणून केला हा रस्ता!"

"गेटार जाऊन काय करू?" ते म्हणाले. "नाक्यार बसणारे सगळे गेले. थय माझा कोण आसा? माका हय बसव, पोरांत."

व्हीलचेअर बाहेर काढली. पहिल्याच खड्ड्यापाशी चाक अडकलं. कंत्राटदारापासून मंडळापर्यंत सगळ्यांचा उद्धार करत मी ती उचलून पलीकडे ठेवली. वडिलांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते मुलांना दोरी कशी आवळायची ते सांगत होते.