मामांची एकतीस मिनिटं

माझ्या पहिल्या नोकरीत मला घड्याळ मिळालं, पण ते मनगटावर बांधायचं नव्हतं. एका लाकडी फळीच्या कोपऱ्यात ते बसवलेलं होतं. खुंटी दाबली की काटा धावायचा, पुन्हा दाबली की थांबायचा. तबकडीवर मिनिटाचे साठ नव्हे, शंभर भाग. फळीवर कागद आणि हातात पेन्सिल. कारखान्यातला माणूस एक काम करायला किती वेळ घेतो ते मोजायचं आणि लिहून साहेबांना द्यायचं. या कामाला बी.एस्सी. झालेला माणूस हवा होता, आणि तो मी होतो.

हे सांगताना मी आढ्यता करतो असं कोणाला वाटलं तर वाटू दे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजच्या फाटकातून आत गेलं नव्हतं. वडील तंजावरकडे एका अन्नछत्रात स्वयंपाकी होते. ते गेल्यावर आईनं मला मद्रासला तिच्या भावाकडे पाठवलं. मामा एग्मोर स्टेशनच्या मागे दोन खोल्यांत राहत आणि एन्नोरच्या रस्त्यावर पंख्यांच्या कारखान्यात वाइंडिंग करत, म्हणजे पंख्याच्या पोटातली तांब्याची तार गुंडाळत. त्यांची शाळा पाचवीत सुटली होती. मला त्यांनी शिकवलं, आणि माझी प्रत्येक परीक्षा त्यांनीही दिली. पेपरच्या दिवशी पाळी बुडवून ते माझ्याबरोबर यायचे आणि तीन तास कॉलेजसमोरच्या झाडाखाली उभे राहायचे. बाहेर आलो की एकच प्रश्न. सगळं लिहून झालं का? येणाऱ्याला सगळं येतंच, वेळेत जो संपवतो तोच पास, असं मीच त्यांना एकदा ऐटीत सांगून ठेवलं होतं.

त्या वर्षांत काही एका जागी टिकत नव्हतं. पडीच्या मापानं मोजायचे तांदूळ किलोनं मिळू लागले आणि मामी रोज दुकानदारावर संशय घेऊन घरी यायची. टी. नगरच्या साड्यांच्या दुकानांत छताला ओळीनं पंखे लागले. दुकानात ज्यांनी वारा खाल्ला त्यांना तो घरातही हवा झाला. आमच्या कारखान्याला मागणी पुरवता येईना. मग नवे साहेब आले, आणि त्यांच्यामागोमाग घड्याळ आलं. मला हे सगळं फार आवडत होतं. मी सकाळी बसमध्ये उभा असायचो तोसुद्धा पुढच्या दाराजवळ, आधी उतरता यावं म्हणून. मामा मागे बसून हसायचे. म्हणायचे, तू आधी उतरलास तरी फाटक सातलाच उघडणार.

कारखान्यात मला लोक 'कडियारम' म्हणू लागले, म्हणजे घड्याळ. मी फळी घेऊन खात्यात शिरलो की हात आपोआप जड व्हायचे. ज्याचं काम मोजायचं तो हातोडी शोधायचा, घाम पुसायचा, तार उजेडाला धरून बघायचा. हा सगळ्यांमधला करार होता. कोणी तो बोलून दाखवत नसे. आज जो वेळ कागदावर लागेल तोच उद्या सगळ्यांना पाळावा लागणार हे प्रत्येकाला माहीत होतं.

साहेबांनाही ते माहीत होतं. म्हणून कागदावर वेळेशेजारी आणखी एक रकाना असायचा, रेटिंगचा. माणूस आपल्या नेहमीच्या चालीनं काम करत असेल तर तिथं शंभर लिहायचं. रेंगाळत असेल तर ऐंशी-नव्वद. जीव तोडून करत असेल तर एकशेवीस, तीस. मग मोजलेली वेळ त्या प्रमाणात कमी-जास्त करायची आणि खरी वेळ काढायची. साहेब म्हणायचे, घड्याळ शिपाईसुद्धा धरील, रेटिंगला डोकं लागतं. तो रकाना भरताना माझी छाती फुगायची.

दोन महिने मी साहेबांच्या मागे उभा राहून शिकलो. मग त्यांनी मला एकट्याला मोजायला कामाचा एक बाक दिला. तो नेमका मामांचा निघाला. साहेबांना आमचं नातं ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलं नाही. संध्याकाळी जेवताना मी म्हणालो, "मामा, उद्या माझी परीक्षा आहे. पहिल्यांदा एकट्यानं घड्याळ धरायचंय, तुमच्याच बाकावर." मामांनी मामीकडे आणखी सार मागितलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या बाकासमोर उभा राहिलो. मामांचं यंत्र हातानं फिरवायचं होतं आणि त्याला मोजणीचा काटा नव्हता. वेढे तोंडानं मोजावे लागायचे. शंभर झाले की मामा एक चिंचोका डबीच्या झाकणात टाकायचे. बाकीचे सगळे तमिळमध्ये मोजायचे, मामा मराठीत. घरी सुटीच्या दिवशी दोरा गुंडाळतानाही ते तसेच मोजत, एक्याण्णव, ब्याण्णव, त्र्याण्णव, प्रत्येक आकडा पुरा उच्चारून, एकही अक्षर न गिळता. त्या दिवशी मी खुंटी दाबली आणि मामांच्या तोंडातून निघालं, एक दोन तीन चार, दहा झाले की पुन्हा एक दोन तीन चार. लांब आकडे म्हणायला त्यांना सवड नव्हती. यंत्राची मूठ दिसेना इतक्या वेगानं फिरत होती. तार कुठं तुटली नाही. गुंडाळ्या खाचांत बसल्या, दोऱ्यानं बांधल्या गेल्या, आणि मामांनी हात वर केला. शेजारच्या बाकांवरचे हात थांबले होते.

एकतीस मिनिटं. एरवी त्या कामाला चाळीस लागायची.

त्या खोलीत मामांखेरीज मराठी कळणारा मी एकटा होतो. मामा आपल्या चालीनं मोजत नाहीत हे ऐकू येणारा मी एकटाच होतो. आणि रेटिंगच्या रकान्यात मी लिहिलं, शंभर.

का लिहिलं ते पुष्कळ प्रकारे सांगता येईल. एकशेतीस लिहिलं असतं तर साहेबांनी हा कोण एवढा असं विचारलं असतं, मग नातं बाहेर आलं असतं. हे खरं आहे. पण त्याहून खरं म्हणजे मला तो आकडा आवडला. साहेब खूश होतील असा आकडा माझ्या पहिल्याच कागदावर आला होता, आणि तो माझ्या मामांच्या हातचा होता.

साहेब खूश झाले. सोमवारी खात्याच्या फळ्यावर खडूनं लिहिलं गेलं, वाइंडिंग, एकतीस. सगळ्यांना.

पहिल्या दिवशी ते कोणाला जमलं नाही. मामांनाही नाही. एकदा जीव तोडून केलेलं काम दिवसातून पंधरा वेळा करायचं होतं. दुपारनंतर तारा तुटू लागल्या, गुंडाळ्या परत येऊ लागल्या. दुसऱ्या आठवड्यात मामांचं मनगट सुजलं. मामी रात्री हळद गरम करून लावायची आणि माझ्याकडे न बघता विचारायची की कॉलेजात असं काही शिकवतात का.

खात्यातली माणसं दुपारी कडुनिंबाखाली गोल बसून जेवत. डबे मधे ठेवायचे आणि ज्याला जे हवं ते त्यानं घ्यायचं. मामीचं चिंचेचं लोणचं तिथं पहिल्या पाच मिनिटांत संपायचं. आता त्या गोलात मामांना जागा राहिली नाही. कोणी भांडलं नाही. मामा गेले की सगळे जरा सरकून जवळ बसायचे, एवढंच. मामा पाण्याच्या टाकीशी, भिंतीकडे तोंड करून जेवू लागले. लोणचं तसंच घरी परत येऊ लागलं. मग नोटीस लागली. महिनाअखेर ज्यांना एकतीस जमणार नाही त्यांची बदली पॅकिंगला. बारा वर्षं तार गुंडाळलेल्या माणसानं आता खोक्यांना खिळे ठोकायचे.

मी चिडलो होतो, आणि मामांवरच चिडलो होतो. सगळे रेंगाळतात, निदान नेहमीसारखं तरी करायचं. हे काय वेड? त्याचा उलगडा मला खात्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या वाइंडरनं केला. त्याला सगळे पेरियवर म्हणत, म्हणजे वडीलधारे. मराठी माणसाला तिकडे रावजी म्हणायची रीत आहे. पेरियवरनं मला नळापाशी अडवलं आणि धाकट्या भावाला हाक मारावी तसं तमिळमध्ये म्हणाला, "तंबी, रावजीनं आमच्या पोटावर मारलं. विचारलं तर म्हणतो, मुलाची परीक्षा होती. कसली परीक्षा?"

परीक्षा हा शब्द माझाच होता.

संध्याकाळी बसमध्ये मी मागे मामांशेजारी बसलो आणि विचारलं. ते म्हणाले, "तूच म्हणालास परीक्षा. वेळेत संपलं नाही तर नापास, हेही तूच सांगितलंस. तुझा पेपर माझ्या हातानं लिहायचा होता. मी हळू लिहू?"

मग मी त्यांना रेटिंगचा रकाना समजावून सांगितला. पहिल्यांदाच. बस वॉशरमनपेटच्या पुढे येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते.

"म्हणजे मी जोरानं केलं हे तुला कळलं होतं?"

"कळलं होतं."

"मग लिहिलं का नाहीस?"

मी पुढच्या दाराकडे बघितलं. एग्मोरला उतरताना मामा म्हणाले की आता गप्प बस, तुझी नोकरी अजून कायम झालेली नाही, तीन महिने राहिलेत. मी कुठं जेवतो त्यानं माझं काय बिघडतं?

त्यांचं काय बिघडत होतं ते मला दिसत होतं. सकाळी निघायला ते उशीर करू लागले होते. चपला शोधायचे, परत घरात जायचे. बारा वर्षांत त्यांची कधी बस चुकली नव्हती. त्या आठवड्यात दोनदा चुकली.

रविवारी दुपारी मी साहेबांना पत्र लिहायला बसलो. इंग्रजीत, चार ओळींत. वेळ बरोबर होती, रेटिंग चुकीचं होतं, ते चुकीचं आहे हे मला लिहितानाच माहीत होतं, कामगार माझे मामा आहेत, तरी मोजणी पुन्हा व्हावी. मामा झोपून उठले आणि कागद बघून समजले. वाच म्हणाले. मी वाचलं आणि मराठीत सांगितलं. मला वाटलं ते फाडतील. त्यांनी तो हातात घेतला आणि खालच्या सहीवर बोट ठेवलं.

"हे तुझं नाव?"

"हो."

"पुढं बी.एस्सी. नाही?"

मी म्हणालो, चूक कबूल करायच्या कागदावर ते कशाला.

"का? चूक ग्रॅज्युएटानं केली ना? का मी केली?" त्यांनी कागद माझ्यापुढं सारला. "लिही."

मी लिहिलं. मामी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. ती म्हणाली, इंग्रजीत चूक नाही ना, तेवढं बघ म्हणजे झालं. मामा त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले.

सोमवारी साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. नातं आधी का सांगितलं नाही, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, तुम्ही विचारलं नाही म्हणून, आणि विचारलं असतंत तर बहुतेक मी खोटं बोललो असतो. त्यांना हे आवडलं की नाही कळलं नाही. मग ते थोडे वैतागूनच म्हणाले की मोटरवर चालणाऱ्या, आपोआप वेढे मोजणाऱ्या मशीनच्या पेट्या बंदरात येऊन पडल्यात. पोंगलनंतर हा सगळा बाकच उठणार. तुमचे एकतीस काय आणि चाळीस काय, चार महिन्यांचा प्रश्न आहे. त्यासाठी नोकरी पणाला लावता?

मला माहीत होतं. त्या पेट्यांचे कागद माझ्याच टेबलावरून गेले होते, आणि ते वाचताना मला आनंदच झाला होता. मी म्हणालो, सर, त्या चार महिन्यांतही ते रोज जेवणार आहेत.

त्यांनी माझी उमेदवारी सहा महिन्यांनी वाढवली आणि बुधवारी मोजणी स्वतः केली. त्या वेळी मला खात्यात यायची मनाई होती. मी ऑफिसात बसून मिनिटं मोजली. पेन्सिलीला टोक केलं, पुन्हा केलं, दोन वेळा उठून खिडकीशी गेलो. साहेब परत आले आणि फळी माझ्यापुढं टाकली. चाळीस, रेटिंग शंभर. सही त्यांची.

फळ्यावरचा आकडा बदलायला मीच गेलो. एकतीस पुसून चाळीस लिहिलं. यंत्रांचे आवाज तेवढे ऐकू येत होते. बारा वाजता भोंगा झाला आणि माणसं डबे घेऊन बाहेर पडली. मामा सवयीनं टाकीकडे वळले. पेरियवरनं आपला डबा उचलून जरा बाजूला ठेवला आणि तमिळमध्ये ओरडला, रावजी, लोणचं आणलंय का नुसतं तोंड आणलंय? मामा थबकले. मग गेले आणि बसले. मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती.

मला कोणी बोलावलं नाही. बोलावणार नव्हतेच, आणि ते बरोबर होतं. माझ्याही डब्यात तेच लोणचं होतं. मी ऑफिसच्या दारात उभ्यानंच जेवलो, भराभर. साडेबाराला रंगकामाच्या खात्यात मोजणी होती, आणि तिथल्या माणसाचं नेहमीचं काम मला आधी, घड्याळ न घेता, जाऊन बघायचं होतं.