मालती सरांच्या आधी वर्गात गेली

मैत्रिणींनो, डोंबिवलीच्या आपल्या भित्तिपत्रकावर हे आजच लावतेय. उद्यापर्यंत माझा राग उतरेल आणि मग मी गोडगोड लिहीन.

कॉलेजातली आम्हा मुलींची रीत तुम्हाला ठाऊक आहे. घंटा होईपर्यंत लेडीज रूममध्ये बसायचं. सर निघाले की त्यांच्या मागोमाग वर्गात शिरायचं, मान खाली घालून पहिल्या बाकावर बसायचं.

आज सर मानवी हक्कांचा जाहीरनामा शिकवणार होते. आम्ही त्यांच्या मागून आत गेलो तर ठाकुर्लीची मालती दाते आधीच वर्गात. मुलांच्या मधोमध, खुशाल वही उघडून बसलेली.

सर म्हणाले, "मिस दाते, हे काय?"

"सर, आज माणसांचे हक्क शिकायचेत ना, म्हणून आधी येऊन बसले."

मुलं हसली नाहीत. सरांनी सरळ शिकवायला सुरुवात केली.

आता ऐका. त्या जाहीरनाम्याचं मराठी मी केलंय. कल्याणच्या वाचनालयात त्यावर भाषण मी दिलंय. आणि आज घरी येईपर्यंत सगळ्याजणींच्या तोंडी फक्त मालती. मी तिचं अभिनंदनही केलं, आणि आतून जळत होते.

दोन वर्षं मी त्याच लेडीज रूममध्ये बसून समानतेवर बोलत होते. ती नुसती उठली आणि गेली.

उद्या मी तिच्याही आधी जाऊन त्याच बाकावर बसणार आहे. हक्कासाठी की हेव्यापोटी, ते मला विचारू नका. शेजारी जागा आहे. तुम्ही कशापोटी येताय?