उशिरा लागलेली झोप

आमच्या तपासणी विभागात बाई ‘नाही’ म्हणाल्या की मॅनेजरही वाद घालत नसे. हडपसरच्या त्या कारखान्यातून गाड्यांचे सुटे भाग बाईंच्या सहीशिवाय बाहेर पडत नसत. एकदा एक नवा इंजिनिअर म्हणाला, “एवढासा तर फरक आहे.” बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “मग हे तुमच्याच गाडीला बसवू या. चालेल?” त्यांच्या हाताखाली मी नऊ वर्षं काढली. मोजायला त्यांनीच शिकवलं.

एकोणपन्नासाव्या वर्षी बाई भर थंडीत पंख्याखाली बसून घामाने भिजायला लागल्या. छातीत धडधडायचं. आकडा वाचून वहीकडे वळेपर्यंत तो विसरायच्या. “डोळ्याला डोळा लागत नाही गं,” एवढंच म्हणायच्या.

घराजवळच्या डॉक्टरांनी पाळी जायच्या वयात असं व्हायचंच म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी फारसं काही न विचारता हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी बाईंची जुनी अर्धशिशी उफाळली, मध्येच रक्तस्राव झाला. घाबरून बाईंनी त्या बंद केल्या. यजमान म्हणाले, “पिशवीच काढून टाक. आमच्या आईने कुठे औषधं घेतली होती?” हे सांगताना बाई म्हणाल्या, “सासूबाईंना कुणी विचारलं होतं का, ते मला माहीत नाही.”

त्यांच्या दोन चुका मी गुपचूप दुरुस्त केल्या. तिसऱ्यांदा त्यांनी सही केलेल्या मालात मला सदोष भाग सापडले, तेव्हा तो माल अडवून मी थेट मॅनेजरकडे गेले. “बाईंचं हल्ली लक्ष नसतं,” मी म्हणाले. त्याने बाईंना सगळ्यांसमोर उभं करून झापलं. त्याच दुपारी बाईंनी राजीनामा लिहिला.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. मॅनेजरला कुणी सांगितलं, हे सांगायचं धाडस झालं नाही. कोथरूडला एक डॉक्टरबाई आहेत, त्यांच्याकडे चला, एवढंच म्हणाले. त्या डॉक्टरबाईंनी तासभर विचारपूस केली. रक्तदाब पाहिला, सोनोग्राफी आणि स्तनांची तपासणी करून घेतली. म्हणाल्या, “तुम्हाला अर्धशिशी आहे, तेव्हा गोळीपेक्षा त्वचेला लावायचं हार्मोनचं जेल बरं. गर्भाशय आहे, म्हणून त्याच्या अस्तरासाठी रात्री ही दुसरी कॅप्सूल. पहिल्याच फटक्यात जमेल असं नाही. तीन महिन्यांनी या, मग ठरवू.” बाहेर आल्यावर बाई जिन्यातच बसल्या. “मनीषा, मला वाटलं होतं मी वेडी होत चाललेय.”

पहिल्या मात्रेने घाम कमी झाला, पण झोप येईना. डॉक्टरबाईंनी मात्रा बदलली. पाचव्या महिन्यात एका सकाळी बाईंचा फोन आला. “काल सलग सहा तास झोपले गं.”

मग त्या पुन्हा कामावर घ्या म्हणायला कारखान्यात आल्या. स्वच्छ इस्त्रीची साडी, हातात डॉक्टरांचा कागद. मॅनेजर म्हणाला, “जागा भरली, मॅडम.” ती जागा मला मिळाली होती.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. तिथे कसंबसं खरं सांगितलं.

“मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “माल अडवलास ते बरोबरच केलंस. मीही तेच केलं असतं. पण आधी माझ्यापाशी यायचंस. नऊ वर्षं शेजारी बसत होतीस ना?”

तेवढ्यात बस आली आणि त्या गेल्या.

आता त्या लेकीकडे नाशिकला असतात. दिवाळीला मी फोन करते. तब्येत बरी आहे म्हणतात, नातीचं कौतुक सांगतात, माझ्या मुलांची चौकशी करतात. कारखान्याचं मात्र काहीही विचारत नाहीत. मीही सांगत नाही.