तक्त्याची शेवटची ओळ

चष्म्याच्या दुकानात ती लागली तेव्हा तिचं काम होतं फडकं मारायचं. अठरा वर्षांत ती फडक्यापासून काच घासायच्या यंत्रापर्यंत पोहोचली. काचेच्या मधोमध शाईचा ठिपका द्यायचा, फ्रेमच्या मापाने कड घासायची, कुठे टोचत नाही ना ते बोट फिरवून बघायचं आणि मग काच अलगद बसवायची. गल्लीत सगळे तिला चष्मेवालीच म्हणत. रस्त्यात कुणी डोळे बारीक करून बघताना दिसलं की तिला राहवत नसे. "काका, नंबर वाढलाय तुमचा. उद्या या," असं सांगून ती मोकळी व्हायची.

तिची मुलगी नऊ वर्षांची. शाळा सुटली की थेट दुकानात यायची आणि काउंटरमागच्या स्टुलावर बसून हाताला लागेल ते वाचायची. गोष्टीचं पुस्तक संपलं की चष्म्याच्या डब्यातलं माहितीपत्रक, तेही संपलं की सामान गुंडाळून आलेला कागद. दुकानाचे म्हातारे मालक तिला वाळवी म्हणत.

"आली का वाळवी? बाई, ते कॅटलॉग वर ठेवा. परवा एक अर्धं खाऊन टाकलं हिने."

"त्यात गोष्टच नाही, आजोबा. नुसत्या फ्रेमाच आहेत," मुलगी मान वर न करता सांगायची.

चष्मेवालीला कौतुक होतं, आणि धास्तीही. नणंद घरी आली की नेमकं त्या धास्तीवर बोट ठेवायची. "वहिनी, तू जगाला चष्मे लावतेस आणि घरात पोरगी डोळ्यांचं वाटोळं करून घेतेय. बघ, पानावर नाक घासतेय नुसती!"

"रंगली की तशीच वाचते ती," चष्मेवाली म्हणायची. "दर सहा महिन्यांनी तपासते मी तिला. दुकानातल्या तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा सांगते. डोळे नाहीत, दुर्बिणी आहेत दुर्बिणी."

ते खोटं नव्हतं. गिऱ्हाइकाला मालक तक्त्यावरच्या सगळ्यात मोठ्या अक्षरापासून वाचायला लावत. घरच्या पोरीसाठी एवढा वेळ कुणाला? दोन गिऱ्हाइकांच्या मधे चष्मेवाली हाक मारायची, "फरशीवरच्या रेषेवर उभी राहा गं. शेवटची ओळ सांग." मुलगी एक डोळा झाकून सांगायची, मग दुसरा झाकून. शेवटची आली म्हणजे वरच्या आल्याच. झाली तपासणी.

या खेपेला जुना तक्ता पिवळा पडला म्हणून मालकांनी सकाळी नवा टांगला होता. दुपारी मुलगी आली, रेषेवर उभी राहिली, एक डोळा झाकला. "ग, प, न, र, व, ट, म."

"शाब्बास," फ्रेमचा स्क्रू पिळता पिळता चष्मेवाली म्हणाली आणि सहज तक्त्याकडे बघितलं. शेवटच्या ओळीत यातलं एकही अक्षर नव्हतं.

"परत सांग."

परत तेच. तितकंच घडाघडा.

मालक उठून आले. "वाळवे, ती ओळ तुला दिसते का?"

"दिसायला कशाला हवी? पाठ आहे ना. तक्ता पुसताना जवळून वाचली होती. आई विचारते, मी सांगते. पाढ्यांसारखं."

"मग इथून काय दिसतं?"

"पांढरं. आणि वर काहीतरी काळं."

चष्मेवालीने हातातली फ्रेम खाली ठेवली. मालकांनी पहिल्यापासून नीट तपासलं. दोन्ही डोळ्यांना साडेचार नंबर. गल्लीतल्या सगळ्यांचे डोळे ओळखणारी ती, आणि पोटची पोर तिच्यासमोर चाचपडत होती.

"आजपासून पुस्तकं बंद," ती म्हणाली. "सगळी माळ्यावर टाकते."

मुलीने हातातलं पुस्तक पाठीमागे लपवलं.

"जरा दमानं, बाई," मालक म्हणाले आणि मुलीकडे वळले. "शाळेत फळा कसा वाचतेस?"

"बाई लिहिताना बोलतात की. ते ऐकून लिहिते."

"रस्त्यापलीकडून आई येतेय हे कसं कळतं?"

"चालण्यावरून. डावा पाय ती जरा घाईनं टाकते."

"आणि झाड?"

"लांबून नुसतं हिरवं असतं. जवळ गेलं की त्याला पानं येतात. वर पाखरं असतात, घरटी असतात, ते पुस्तकात वाचलंय ना, म्हणून मी तिथे आहेत असं धरून चालते." ती थोडी गोंधळली. "सगळे तसंच करतात ना?"

चष्मेवाली बघतच राहिली. एवढंसं पोर. जे दिसत नव्हतं ते तिने पुस्तकांतून आणून जागच्या जागी लावलं होतं, आणि काही कमी आहे याचा कुणाला सुगावाही लागू दिला नव्हता. पोरीला स्वतःलाही नव्हता लागला.

"पुस्तकं काढून घ्याल तर तिचं निम्मं जग जाईल," मालक हळूच म्हणाले. "काच घासा. आणि रोज तासभर बाहेर पिटाळा खेळायला."

दुसऱ्या दिवशी काच चष्मेवालीनेच घासली. ठिपका देण्याआधी तिने काचेचा मध्य दोनदा मोजला. कड चार वेळा तपासून तिने चष्मा मुलीच्या कानांवर चढवला. मुलगी दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिली.

"आई, समोरच्या गच्चीवर मोजे वाळत घातलेत. एक उलटा आहे." मग, "अगं, त्या काकांना मिशी आहे! रोज जातात इथून, मला माहीतच नाही." मग एकदम आवाज खाली आणून, "त्या वरच्या खिडकीतल्या आजी माझ्याकडे बघून हसताहेत. रोज हसतात?"

"रोज," मालक म्हणाले.

"अरे देवा!" म्हणत मुलगी दोन्ही हात जोरजोरात हलवू लागली.

रस्त्यावरचे दिवे लागले तरी ती हलेना. चष्मेवालीने स्टुलावर पालथं पडलेलं पुस्तक उचललं, पानात खूण घातली आणि मुलीच्या शेजारी पायरीवर येऊन बसली.

"हे घे. वाचायचं नाही का आज?"

"वाचीन गं. आधी हे बघू दे."

चष्मेवालीचे डोळे भरून आले होते, समोरचं काही धड दिसत नव्हतं. पुस्तक मांडीवर धरून तिने विचारलं, "त्या गच्चीच्या पलीकडे काय आहे?"

मुलगी सांगत गेली.