फळ्यावरची कोरी ओळ

राजूरच्या वरच्या अंगाला आमची शाळा आहे. मी तिथे शिक्षक. आमच्या मुख्याध्यापिका बाई पालकसभेचे विषय स्वतः फळ्यावर लिहितात. बोलणं मोजकं, कुणी काही सांगितलं की, "थांबा, लिहिते." पण 'एक' हा आकडा लिहून त्यापुढची ओळ कोरी ठेवतात आणि विषय दोनपासून सुरू करतात. पालकांचं म्हणणं शेवटी, आयत्या वेळच्या विषयांत घ्यायची सगळीकडची रीत. तोवर आया कामावर निघून जातात, असं बाईंचं म्हणणं. मला ती कोरी ओळ उगाच वाटायची.

गेल्या सभेला शाळा समितीचे अध्यक्ष त्या कोऱ्या ओळीत 'कमान रंगवणे' लिहायला लागले. बाईंनी त्यांच्या हातातला खडू अलगद काढून घेतला.

"अध्यक्षसाहेब, ही ओळ सगळ्यात आधी आलेल्याची."

मग भिंतीला टेकून बसलेल्या एका आईकडे वळल्या. "बोला, ताई."

ती बसल्या जागेवरूनच म्हणाली, "पोरी शाळंत पानीच पीत न्हाईत. संडासाला आतून कडी न्हाई."

"थांबा, लिहिते."

मी मान खाली घातली. पोरी माझ्याच वर्गातल्या. त्यांच्या भरल्या बाटल्या रोज तशाच घरी जाताना मी बघत होतो.