पुलीचा बोल्ट

माझे भाऊजी लिफ्टचे मेकॅनिक होते. काढलेला बोल्ट त्यांनी आयुष्यात कधी जमिनीवर ठेवला नाही.

त्या शनिवारी पाचच्या आत दवाखान्यात जाऊन ताईच्या पायाचं प्लॅस्टर काढून घ्यायचं होतं. दीड महिना ती खिडकीजवळच्या खुर्चीत अडकली होती. तिचा ताठ पाय फक्त भाऊजींच्याच जुन्या गाडीत मावायचा, आणि नेमकं गाडीचं ऑइल सील गळत होतं. ते बदलायला आधी त्याच्यावरचं चाक, इंजिनाच्या क्रँकशाफ्टची पुली, काढावी लागणार होती.

सकाळी भाऊजींनी पुलीचा बोल्ट काढला आणि आम्ही जेवायला गेलो. दुपारभर पुलर लावून ओढलं, तरी पुली केसभर हलेना. भिंत आणि गाडीमधल्या हातभर जागेत भाऊजी घामाघूम होऊन आडवे पडले होते. मी टॉर्च धरला होता.

"अहो, बाहेरचा मेकॅनिक बोलवा," ताई खिडकीतून म्हणाली.

"घरात मेकॅनिक असताना?"

"घरातला गाडीखाली राहायला गेलाय."

साडेचारला तिने विचारलं, "सकाळचा बोल्ट ठेवलात कुठे?"

"जागच्या जागी," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी एकदम पाना मागितला. जेवायला निघताना त्यांनी तो सवयीने पुलीतच पुन्हा आवळला होता. टॉर्च हातात असून मलाही दिसला नाही.

तो काढल्यावर पुली पाच मिनिटांत निघाली. पण सील बसवून सगळं जोडेपर्यंत सहा वाजले. दवाखाना आता सोमवारी उघडणार होता.

भाऊजी हात धुऊन ताईसमोर येऊन बसले.

"उद्या कुठे जाऊ नका," ती म्हणाली. "एकटीने अडकून बसायचा कंटाळा आलाय."